इंग्रजीचा तास कोणाचा?

नागपुराहून वर्धेच्या रस्त्यानें दक्षिणेकडे निघालें म्हणजे सोनेगांवचा विमानतळ मागें पडतो न पडतो तोंच मिहान नांवाचा विस्तीर्ण प्रदेश सुरू होतो. मिहान हें कोणा जुन्या गांवाचें नांव नव्हे. ‘मल्टि-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ऍट नागपूर’ या लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांतून जुळविलेला तो शब्द आहे. (त्यांतील ‘कार्गो’चें आद्याक्षर वाटेंत कोठें गळालें, हें आमच्या बालवाचकांनीं शोधून पाहावें.) राज्य सरकारनें २००२ सालीं विमानतळ-विकासासाठीं स्वतंत्र कंपनी स्थापन केली आणि पुढें शिवणगांव, खापरी, दहेगांव, कलकुही, तेल्हारा या गांवांच्या जमिनी या योजनेंत आल्या. २०१९ च्या मार्चमध्यें खापरीपर्यंत मेट्रो धांवूं लागली. २०२२ सालीं येथें भारतीय व्यवस्थापन संस्थेची नवी वास्तु उघडली आणि त्याच वर्षीं अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचें मोठें रुग्णालय राष्ट्रास अर्पण झालें. संगणकाच्या कंपन्या तर त्याहि आधीं आल्या होत्या. ज्या शिवारांत पूर्वीं पिकें डोलत, तेथें आतां पाट्या उभ्या आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा इंग्रजींत आहेत.

ज्याला या पाट्या वाचतां येतात तो आंत जातो, आणि ज्याला येत नाहींत तो फाटकाशीं उभा राहतो, अशी या भागांतील आईबापांची समजूत झाली असेल तर तिला सर्वस्वीं निराधार म्हणतां येणार नाहीं. म्हणून मूल तीन-चार वर्षांचें होतांच त्याला कोणत्या शाळेंत घालावें याची चर्चा घरोघर सुरू होते. जिच्या दाराशीं पिवळी बस उभी राहते ती शाळा चांगली, असा सोपा निकाल कित्येकजण देतात. माध्यमाचा हा वाद जितक्या मोठ्यानें चालतो, तितक्या मोठ्यानें एक दुसरा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. इंग्रजीच्या तासाला मूल करतें काय? त्या तासांत बोलतें कोण, आणि ऐकतें कोण?

बहुतेक वर्गांतून, मग तो वर्ग जिल्हा परिषदेच्या शाळेचा असो कीं मोठी फी घेणाऱ्या इंग्रजी शाळेचा असो, हा तास शिक्षकांचा असतो. शिक्षक वाक्य वाचतात, सारा वर्ग तें एका सुरांत परत करतो. शिक्षक फळ्यावर लिहितात, मुलें उतरवून घेतात. पाहुण्यांनीं ‘व्हॉट इज युवर नेम?’ असें विचारतांच खणखणीत उत्तर येतें. ‘हू इज युवर फ्रेंड?’ असें विचारलें कीं तेंच मूल गप्प होतें, कारण हा प्रश्न पाठ केलेल्यांपैकीं नसतो.

येथें एक साधा हिशोब करून पाहावा. वर्गांत तीस मुलें आहेत आणि तास तीस मिनिटांचा आहे. शिक्षक स्वतः एक अक्षरहि बोलले नाहींत आणि एकामागून एक मुलाला त्यांनीं बोलूं दिलें, तरी प्रत्येकाच्या वांट्याला एकच मिनिट येईल. पण मुलांच्या पंधरा जोड्या करून त्यांना एकमेकांशीं बोलावयास लाविलें, तर त्याच अर्ध्या तासांत प्रत्येक मुलाला पंधरा मिनिटें बोलतां येईल. विद्यार्थिकेंद्री शिक्षण या भारदस्त शब्दाचा निम्मा अर्थ या भागाकारांत सांठलेला आहे. उरलेला निम्मा अर्थ असा कीं, मूल जें बोलेल तें त्याचें स्वतःचें असावें.

हा तास शिक्षकांचा कसा झाला, याला इतिहास आहे. नागपुरांत इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणारे स्टीफन हिस्लॉप यांनीं १८४६ सालीं शाळा काढली. त्यांच्या नांवाचें कॉलेज १८८३ सालीं निघालें. इंग्रजी म्हणजे सरकारी नोकरीचा दरवाजा, आणि इंग्रजी शिकणें म्हणजे व्याकरण व भाषांतर, ही कल्पना त्यानंतर पिढ्यान् पिढ्या महाराष्ट्रांत रुजली. आमच्या वाडवडिलांनीं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी घोटलें, आणि तें उत्तम घोटलें. पण तीं मुलें वयानें मोठीं होतीं. त्यांची मराठी पक्की झालेली असे, म्हणून कर्ता-कर्म-क्रियापदाचा नियम त्यांना समजे. महाराष्ट्रांतील मराठी शाळांमध्यें पहिलीपासून इंग्रजी आलें तें २००० सालीं, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असतांना. तोंपर्यंत तें पांचवीपासून असे. विषय सहा वर्षांच्या बालकापर्यंत खालीं उतरला, शिकविण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणीं थोराड मुलांचीच राहिली. पहिलीच्या पाठ्यपुस्तकांत गाणीं आहेत, खेळ आहेत, चित्रें आहेत. पण पुस्तक खेळाचें असलें म्हणून तास खेळाचा होतो असें नाहीं. गाणेंहि घोकून घेतां येतें!

खुद्द हिस्लॉप भाषा कशा रीतीनें मिळवीत, हें येथें सांगण्यासारखें आहे. गोंड लोकांचे शब्द आणि गीतें ते लोकांच्या तोंडून ऐकून टिपून घेत. १८६३ सालीं टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहावयास ते गेले असतां त्या भागांत पुराच्या ओढ्यांत त्यांचा अंत झाला. ती जागा मिहानपासून दक्षिणेस फारशी दूर नाहीं. त्यांचीं टिपणें रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें छापून काढलीं. ज्या मनुष्याच्या नांवाशीं नागपुरांतील इंग्रजी जोडली गेली, तो स्वतः परकी भाषा शिकतांना कान देऊन आणि प्रश्न विचारून शिकला.

मूल केंद्रस्थानीं ठेवण्याचा विचार कांहीं कालचा नाहीं. कोमेनियस या मोराव्हियन शिक्षणवेत्त्यानें १६५८ सालींच चित्रांवरून लॅटिन शिकविणारें पुस्तक काढलें. जर्मनींत फ्रबेलनें १८४० सालीं आपल्या बालशाळेला ‘मुलांची बाग’ या अर्थाचें नांव दिलें. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनीं गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला आणि १९४५ मध्यें बोर्डीस खेड्यांतील मुलांसाठीं काम सुरू केलें. शाळेला न येणाऱ्या मुलांच्या अंगणांत शाळाच नेण्याचा त्यांचा प्रयोग महाराष्ट्राला परिचित आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें तर २९ व्या कलमांत स्पष्टच म्हटलें कीं, शिकणें कृतींतून, शोधांतून आणि बालकेंद्री रीतीनें व्हावें. आणि हा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटच्या प्राथमिक शाळांनीं ज्ञानरचनावादाच्या मार्गानें जें काम करून दाखविलें, तें पाहावयास राज्यांतील शिक्षक जात असत. म्हणजे आधारांची उणीव नाहीं. उणीव आहे ती रोजच्या तासांत.

इंग्रजीपुरतें पाहिलें तर दक्षिण हिंदुस्थानांत १९७९ ते १९८४ या काळांत एन्. एस्. प्रभु यांनीं केलेला प्रयोग फार बोलका आहे. त्यांनीं शाळेंतील मुलांना व्याकरणाचे धडे न देतां कोडीं दिलीं. नकाशा पाहून वाट सांगा, रेल्वेचें वेळापत्रक पाहून अमुक गांवीं अमुक वेळेला पोंचावयाचें तर कोणती गाडी धरावी तें ठरवा, अशा प्रकारचीं तीं असत. मुलांचें लक्ष गाडी चुकूं नये याकडे लागे, आणि इंग्रजी त्या कामाचें साधन म्हणून वापरांत येई. अर्थाकडे मन गुंतलें असतां भाषेची घडण आपोआप आंत उतरत जाते, असें प्रभूंचें म्हणणें होतें. तें सर्वांनींच मान्य केलें असें नाहीं. व्याकरण कधींच सांगूं नये काय, असा आक्षेप घेतला गेला, आणि मोठ्या मुलांच्या बाबतींत तो आम्हांस बराचसा रास्त वाटतो. पण सहा-सात वर्षांच्या मुलाला नियम सांगून उपयोग नसतो, याविषयीं मात्र आम्हांस शंका नाहीं.

मिहानच्या आसपासच्या मुलांना अशा कोड्यासाठीं परगांवीं पाहावयास नको. त्यांच्या दाराशीं मेट्रो आहे, आणि तिच्या या टोकाच्या स्टेशनांचीं नांवें अशीं: एअरपोर्ट, एअरपोर्ट साऊथ, न्यू एअरपोर्ट, खापरी. या चार नांवांत दुसरीच्या वर्गाचा आठवडाभराचा अभ्यास आहे. जमिनीवर खडूनें रेघ ओढावी. चार मुलांनीं चार स्टेशनें व्हावें. एकानें गाडी व्हावें आणि दुसऱ्यानें खिडकींत बसून तिकिटें द्यावीं. ‘व्हेअर आर यू गोइंग?’ असें तिकीटवाला विचारील. ‘खापरी’ एवढें उत्तर आलें तरी पहिल्या दिवशीं पुरे. तिसऱ्या दिवशीं तें ‘टु खापरी’ होईल आणि आठवड्याच्या शेवटीं कोणीतरी ‘आय ऍम गोइंग टु खापरी’ असें म्हणेल. एक एअरपोर्ट आणि दुसरें न्यू एअरपोर्ट, मग ‘न्यू’ म्हणजे काय असावें? हें शिक्षकांनीं सांगूं नये. मुलें तर्क करतील, कोणी आपली नवी चप्पल दाखवील, कोणी शेजाऱ्याचें जुनें दप्तर. ‘साऊथ’ शोधण्यासाठीं वर्गानें अंगणांत जाऊन सूर्याकडे पाहावें. खापरीचें इंग्रजी काय, असेंहि एखादें मूल विचारील. गांवांच्या नांवांचें भाषांतर करीत नाहींत ही गोष्ट त्याला त्या दिवशीं कळेल, आणि ती पुस्तकांतून कळण्यापेक्षां अशी कळलेली बरी.

अशा खेळांत शिक्षकांना काम उरत नाहीं, असा कित्येकांचा समज आहे. वस्तुतः काम वाढतें. पाठ वाचून दाखविणें सोपें. पंधरा जोड्यांमधून फिरत कोण अडला, कोण गप्प राहिला, कोणाच्या ऐवजीं सोबतीच बोलतो, हें टिपणें कठीण. आदल्या दिवशीं बसून चिठ्ठ्या, चित्रें, वस्तु तयार कराव्या लागतात. आणि सर्वांत कठीण म्हणजे प्रश्न विचारल्यावर थांबावें लागतें. मूल उत्तर शोधीत असतांना शिक्षकांनीं पांच-सात क्षण गप्प राहणें, हें कोणत्याहि प्रशिक्षणांत शिकविलेल्या युक्तीपेक्षां अधिक अवघड आहे.

मुलानेंहि कांहीं दिवस गप्प राहिलें तर पालकांनीं घाबरूं नये. आपली बोली शिकतांना तें वर्षभर नुसतें ऐकतच होतें. तेव्हां कोणी त्याची परीक्षा घेतली नव्हती. ‘ये’, ‘बस’, ‘दार लाव’ हें त्याला बोलतां येण्यापूर्वीं समजत होतें. याच निरीक्षणावरून अमेरिकेंत जेम्स ॲशर यांनीं गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत आज्ञापालनाची पद्धति मांडली. शिक्षकांनीं ‘स्टँड अप’, ‘टच द डोअर’, ‘गिव्ह मी द रेड बॉल’ असें म्हणावें आणि मुलानें तें करून दाखवावें. बोललेंच पाहिजे अशी सक्ति नाहीं. थोड्या दिवसांनीं मुलेंच शिक्षकांना आज्ञा करूं लागतात, आणि शिक्षकांना उड्या मारावयास लावण्यासाठीं लागणारें इंग्रजी तीं फार लौकर शिकतात.

मूल शाळेंत येतें तें कोऱ्या पाटीचें येतें, हीहि एक भ्रामक कल्पना आहे. मिहानमध्यें कामास जाणाऱ्या घरांत ड्युटी, शिफ्ट, गेटपास, कंपनी, ड्रायव्हर, बस, लेट, सुट्टीच्या अर्जासाठीं ‘लीव्ह’, असे शब्द रोज कानांवर पडतात. तीं मुलें हे शब्द मराठीच समजतात. वर्गानें एक मोठा कागद भिंतीला लावून ‘आमच्या घरचे इंग्रजी शब्द’ रोज त्यावर लिहीत जावें. ज्या मुलाचे वडील फाटकावर पहारा करतात त्याच्याजवळ कदाचित् डॉक्टरांच्या मुलापेक्षां अधिक शब्द निघतील. त्या दिवशीं त्याची मान वर होते. हा लाभ गुणपत्रिकेंत दिसत नाहीं.

आतां चुकांविषयीं. मूल ‘आय स्कूल गो’ असें म्हणालें कीं घरचीं माणसें हंसतात. पण तें मूल काय करीत आहे तें पाहावें. ‘मी शाळेंत जातो’ या मराठी वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें, म्हणून त्यानें तें शेवटीं ठेविलें. त्यानें शब्द पाठ म्हटले नाहींत. विचार करून वाक्य रचलें. ज्या मुलानें कधींच अशी चूक केली नाहीं, त्यानें बहुधा स्वतःचें वाक्यच केलें नसेल. शहाणा शिक्षक ‘चूक’ असें म्हणत नाहीं. तो नुसतें प्रत्युत्तर देतो, ‘ओ, यू गो टु स्कूल? आय गो टु स्कूल टू.’ बरोबर रचना मुलाच्या कानीं पडते आणि संभाषणहि तुटत नाहीं. ‘ए’ आणि ‘द’ हीं उपपदें मराठींत नाहींतच, त्यामुळें तीं गळणार. ‘व’चे दोन उच्चार आपल्याला एकच ऐकूं येतात, त्यामुळें ते मिसळणार. हीं आळसाचीं लक्षणें नव्हेत.

वाचनांत तर आमच्या लिपीनेंच मुलांना लाडावून ठेविलें आहे. देवनागरींत जवळजवळ जसें बोलावें तसें लिहावें. इंग्रजींत एकच ‘ए’ हें अक्षर कॅट, केक, कार आणि कॉल या शब्दांत चार निरनिराळे आवाज काढतें. नुसतीं सव्वीस अक्षरें पाठ करून मूल वाचूं लागेल अशी अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. आधीं शब्द तोंडीं रुळावा, मग त्याचें चित्र डोळ्यांना ओळखीचें व्हावें, मग अक्षरें व त्यांचे आवाज जुळवावे. स्पेलिंगच्या वहीपासून आरंभ करणें म्हणजे ज्या घरीं आपण कधीं गेलों नाहीं, त्याच्या विटा मोजणें.

या सर्वांत मराठीचें स्थान काय, हा प्रश्न पालक विचारतात, आणि तो महत्त्वाचा आहे. कांहीं शाळांत मराठी शब्द उच्चारल्यास दंड होतो असें ऐकूं येतें. अशी प्रथा कोठेंहि असो, ती निंद्य होय. आमच्या भागांतील मूल ‘मला’ न म्हणतां ‘मले’ म्हणतें, ‘कशाला’ न म्हणतां ‘कायले’ म्हणतें. मराठीच्या तासाला त्याला सांगतात कीं तुझी मराठी अशुद्ध. पुढच्या तासाला सांगतात कीं इंग्रजींत बोल. दोनदां गप्प बसविलेलें तें मूल तिसऱ्यांदा तोंड उघडीत नाहीं, आणि चौथीपर्यंत ‘हा मुलगा मंद आहे’ असा शेरा तयार होतो. ज्या मुलाला आपल्या बोलींत गोष्ट सांगतां येते, त्यालाच पुढें ती इंग्रजींत सांगतां येईल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें असें म्हटलें आहे. तेव्हां इंग्रजीच्या तासाला मुलानें आधीं ‘मले लाल पाहिजे’ म्हणावें आणि मग शिक्षकांनीं त्याला ‘आय वाँट रेड’ पुरवावें, यांत इंग्रजीचें कांहींएक नुकसान नाहीं.

अडचणी खऱ्या आहेत. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असें कायद्याचें प्रमाण आहे. लहान गांवच्या शाळेंत याचा अर्थ एका शिक्षकानें दोन-तीन इयत्ता एकाच वेळीं सांभाळणें असा होतो. तेथें मोठ्या-लहान मुलांचे मिश्र गट हाच एक उपाय, आणि गटांत तिसरीची मुलगी पहिलीच्या मुलाला शिकवितांना स्वतः अधिक शिकते. दुसरी अडचण नाजूक आहे. कित्येक प्राथमिक शिक्षकांना स्वतःलाच इंग्रजी बोलण्याचा संकोच वाटतो. यासाठीं २०१६ मध्यें राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांनीं मिळून कांहीं जिल्ह्यांत ‘तेजस’ हा उपक्रम काढला. त्यांत जवळपासच्या शाळांचे शिक्षक ठराविक दिवशीं एकत्र जमून आपापसांत इंग्रजी बोलत आणि तासांतील युक्त्या एकमेकांना सांगत. शिक्षकांनाहि बोलण्याचीच संधि हवी होती, हें त्यावरून दिसतें.

तिसरी अडचण आम्ही पालकांपुढें ठेवितों, कारण ती त्यांच्या हातची आहे. ज्या आठवड्यांत वर्गांत मेट्रोचा खेळ झाला, त्या आठवड्यांत वही कोरी राहते. मग पालकसभेंत तक्रार येते कीं गुरुजी शिकवीत नाहींत, मुलें नुसतीं खेळतात. भरलेली वही दाखवितां येते, बोललेलें वाक्य दाखवितां येत नाहीं. म्हणून शिक्षक निमूटपणें पुन्हां फळ्याकडे वळतात. परीक्षाहि बहुतांशीं लिहिण्याचीच असल्यानें त्यांना दोष तरी कसा द्यावा? आमची पालकांस विनंति एवढीच कीं, वही तपासण्यापूर्वीं मुलाला विचारावें, ‘आज इंग्रजींत तूं कोणाला काय सांगितलेंस?’

आणि ज्या आईला इंग्रजी येत नाहीं, तिनें आपण निरुपयोगी आहों असें समजूं नये. संध्याकाळीं भाजी निवडतांना तिनें मुलालाच गुरु करावें. कांद्याला काय म्हणतात, मिरचीला काय म्हणतात, हें तें ऐटीनें सांगेल. तिनें म्हणून पाहावें, चुकावें, त्यानें सुधारावें. आमच्या शाळेंतील मोठ्या विद्यार्थ्यांनींहि धाकट्या भावंडांशीं हाच खेळ खेळावा, फक्त पुढें पुढें करून उत्तरें देऊं नयेत. मग केव्हांतरी आई अंबाडीची जुडी उचलून विचारील, ‘आणि हिला काय म्हणतात?’ मुलाला सांगतां येणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं तें अंबाडीचीं चार पानें खिशांत घालून शाळेंत जाईल आणि तास सुरू होण्यापूर्वींच गुरुजींच्या टेबलाशीं उभें राहील.